पायडलवर कुणाचा पाय आहे ते बघ

चि. आदित्यस,


ताईचा फोन आला होता. तुला जालन्याच्या एमआयडीसीत, भंगाराच्या यार्डात अ‍ॅलिगेटर शिअरवर काम मिळालं म्हणाली आणि रडायलाच लागली. ती का रडली हे माझा उजवा हात पाहिलेल्या तुला सांगायला नको. म्हणून लिहितोय.

मशीन साधं आहे. खालचा जबडा पक्का, वरचा हायड्रॉलिकच्या जोरावर मगरीच्या तोंडासारखा मिटतो. खिळीजवळ जोर सगळ्यात जास्त, टोकाला कमी. म्हणून जाड माल आत सारावा लागतो. आखूड तुकडा असला की त्याच्यामागे हातही आत जातो. असा माल सांडशीनंच धर, कितीही वेळ लागू दे.

माझी दोन बोटं गेली तेव्हा मशीन अगदी ठीक होतं. मी माल धरत होतो, पायडल दुसरा दाबत होता. टनावर मजुरी, त्यामुळे दोघंही घाईत. एक अँगल तिरका बसला, तो सरळ करायला मी हात घातला. त्याचा पाय सवयीनं खाली गेला. त्या पोराला मी कधी दोष दिला नाही. पण तू पहिल्याच दिवशी मुकादमाला सांग, जो माल धरेल त्याचाच पाय पायडलवर. तो हसला तरी सांग.

माल ओळखायला शिक. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कापलं जात नाही, फुटून उडतं. बेअरिंगची रिंगही तशीच. पाइप कापताना पातं त्याचं तोंड चेपून टाकतं. आत पाणी राहिलं तर ते तसंच बंद होऊन भट्टीत जातं, तिथे वाफ होऊन वितळलेलं लोखंड वर उसळतं. भट्टीवरचा माणूस तुझ्या ओळखीचाही नसेल, पण त्याचा जीव तुझ्या हातात असतो. म्हणून पाइप आधी उभा करून रिकामा कर. बंद सिलिंडर, शॉकअब्सॉर्बर बाजूला काढ.

जड शिशाची पेटी किंवा किरणोत्सर्गाची तीन पाकळ्यांची खूण दिसली तर हात न लावता सगळ्यांना लांब कर आणि मालकाला कळव. दिल्लीच्या मायापुरीत २०१० साली विद्यापीठानं लिलावात काढलेलं कोबाल्ट-६०चं यंत्र भंगारवाल्यांनी खोललं. त्यात एक जण दगावला. आत काय आहे ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पात्याची धार गेली, पात्यांमधली फट वाढली की पत्रा कापायच्या ऐवजी दुमडून अडकतो. तो ओढून काढायच्या आधी मेन स्विच बंद करून कुलूप लाव आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेव. पात्याच्या दुसऱ्या कडा शाबूत असतील तर ते फिरवून लावायला सांग.

सोमवारी कामावर गेलास की पायडलवर लोखंडी झाकण आहे का ते बघ आणि संध्याकाळी मला फोन कर. नसेल तर मी स्वतः येऊन मालकाशी बोलतो.

तुझा मामा