खेकड्याचे बीळ

कोल्हापूर जिल्ह्यात वेदगंगा नदीच्या काठी गारगोटी हे गाव वसले आहे. आषाढाची झड लागली, की त्या परिसरातील ओढे दुथडी भरून वाहतात व भाताची खाचरे पाण्याने तुडुंब होतात. एखाद्या सकाळी मात्र शेतकऱ्याला आपले खाचर रिकामे झालेले आढळते. तो बांध न्याहाळू लागतो. बांधाला एक वाटोळे भोक पडलेले असते आणि त्याच्या तोंडाशी ओल्या मातीचे गोळे साचलेले असतात. हा प्रताप खेकड्याचा, हे तो तत्काळ ओळखतो.

खेकड्याला दहा पाय असतात. त्यांपैकी पुढच्या दोन पायांना नांग्या म्हणतात. नांग्या आणि पाय यांनी तो माती उकरतो व ती कवटाळून बाहेर आणून टाकतो.

एवढे कष्ट तो कशासाठी करतो? खेकडा माशाप्रमाणे कल्ल्यांनी श्वास घेतो. कल्ले ओले राहिले, तरच त्याचा जीव वाचतो. म्हणून पावसाळा सरला, की तो ओलीचा माग घेत जमिनीत खोल जातो आणि उन्हाळा बिळाच्या तळाशी काढतो. वाढत्या वयात तो जुने कवच टाकतो. नवे कवच आरंभी मऊ असते. अशा वेळी बीळ हाच त्याचा किल्ला होय.

समुद्रातील बहुतेक खेकड्यांची पिले प्रथम आईबापांसारखी दिसत नाहीत. ती पाण्यात तरंगत वाढतात. गोड्या पाण्यातील खेकड्याची मादी मात्र अंडी पोटाखालच्या घडीत सांभाळते. त्यांतून चिमुकले खेकडेच बाहेर पडतात आणि काही काळ ते आईच्या पोटालाच बिलगून राहतात.

कोकणच्या खाड्यांत तिवरांची वने आहेत. तेथील खेकडे निराळ्या जातींचे असले, तरी बिळे करण्यात तेही तरबेज असतात. त्यांच्या बिळांवाटे कोंदट चिखलात हवा व भरतीचे पाणी शिरते. गळून पडलेली पानेही कित्येक खेकडे खातात. त्यामुळे त्यांचे खत लवकर होते व झाडांचे पोषण होते.

बांधात जे बीळ घातक, तेच तिवरांच्या वनात उपकारक ठरते. म्हणून सुज्ञ शेतकरी बांधाचे भोक दगडमातीने बुजवतो. परंतु ओढ्याकाठच्या बिळांना तो हात लावीत नाही.

स्वाध्याय
१. खेकडा उन्हाळ्यात बिळाच्या तळाशी का राहतो?
२. तिवरांच्या वनाला खेकड्यांचा कोणता उपयोग होतो?
३. ‘बीळ हाच त्याचा किल्ला होय’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.