विन्स्लो : एक रेल्वे-गाव आणि त्याचा पथिकाश्रम

कॅसल रॉक स्थानकावर घाट उतरण्यापूर्वी गाडीला जादा इंजिने जोडली जात असताना फलाटावर पाय मोकळे केलेल्या वाचकांना, केवळ रेल्वेच्या गरजेतून वाढलेले ठिकाण म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील विन्स्लो हे असेच एक गाव होय. १८८०च्या दशकाच्या प्रारंभी त्या रूक्ष पठारावर लोहमार्ग पोहोचला. इंजिनात पाणी भरणे, इंजिने व कर्मचारी बदलणे यासाठी तेथे विभागीय ठाणे झाले आणि त्याभोवती वस्ती वसली.

गाड्यांत भोजनाची सोय त्या काळी अपुरी असे. फ्रेड हार्वे यांच्या संस्थेने सांता फे रेल्वेच्या मार्गावर भोजनगृहे व निवासगृहे काढून ही उणीव भरून काढली. उतारूंची मागणी तारेने पुढे कळविली जाई. गाडी थांबते न थांबते तोच ताटे तयार!

१५ मे १९३० रोजी या मालिकेतील 'ला पोसादा', म्हणजे स्पॅनिश भाषेत पथिकाश्रम, विन्स्लो येथे उघडला. वास्तुशिल्पकार श्रीमती मेरी कोल्टर यांनी एका काल्पनिक स्पॅनिश जमीनदाराचा वडिलोपार्जित वाडा मनाशी धरून इमारत, बाग व सामानसुमान यांची आखणी केली. आपल्या कृतींत हीच त्यांना सर्वश्रेष्ठ वाटे. मुहूर्त मात्र महामंदीचा लागला. पुढे मोटारी व विमाने यांनी उतारू ओढून नेले आणि १९५७ मध्ये पथिकाश्रम बंद पडला. श्रीमती कोल्टर १९५८च्या जानेवारीत निवर्तल्या. म्हणजे हेही त्यांना पाहावे लागले.

सामान विकले गेले. रेल्वेने आत फेरफार करून कचेऱ्या थाटल्या. वास्तू विद्रूप झाली हे खरे, तथापि प्रस्तुत लेखकाच्या मते या कचेऱ्यांनीच ती तारली. अल्बुकर्क येथील हार्वे यांचे प्रसिद्ध 'अल्वाराडो' निवासगृह १९७० मध्ये जमीनदोस्त करण्यात आले. ला पोसादाच्या छपराखाली मात्र माणसे कामास येत राहिली.

१९७९ मध्ये नवा महामार्ग गावाबाहेरून गेला व बाजारपेठ ओसरली. १९९० नंतर रेल्वेनेही इमारत सोडण्याचे ठरविले, तेव्हा गावातील काही नागरिकांनी स्वयंस्फूर्तीने बागेची निगा राखली. १९९७ मध्ये ॲलन ॲफेल्ट यांनी वास्तू विकत घेऊन पथिकाश्रम पुन्हा सुरू केला. शिकागो–लॉस एंजेलिस गाडी आजही तेथे थांबते आणि उतारू रुळांकडील दाराने सरळ आत शिरतात.