हे लाकूड कोणते? सरपणाला कसे?

उभे झाड ओळखणे फारसे अवघड नसते. पान, फूल, फळ, काटे यांपैकी काहीतरी झाडाचे नाव सांगून टाकते. पण तेच झाड वळवाच्या वादळात पडले, त्याचे ओंडके केले, साल गळून गेली, की मोठी माणसेही बुचकळ्यात पडतात. आज पुष्कळ घरांत गॅस आला असला, तरी आंघोळीच्या पाण्याचा बंब, शेतावरची चूल, गावजेवणाची भट्टी यांना सरपण लागतेच. समोरचे लाकूड सरपणाला कसे आहे, हे कसे ठरवायचे?

विद्यार्थी मित्रांनो, अशा अनोळखी ओंडक्याला आपण तीन प्रश्न विचारू. तू कोणत्या झाडाचा? तू किती भरीव? आणि तू किती वाळलेला?

आडवा छेद पाहा

ओंडक्याचे टोक करवतीने सरळ कापून घ्या. त्याचा थोडासा भाग मोठ्या माणसाकडून धारदार चाकूने गुळगुळीत तासून घ्या, थेंबभर पाण्याने ओला करा आणि भिंगातून पाहा.

आधी रंग पाहा. बहुतेक जुन्या लाकडांत बाहेरचा फिका पट्टा आणि आतला गडद गाभा असे दोन भाग दिसतात. बाहेरचे ते रसकाष्ठ. जिवंत झाडात पाणी यातून वर चढते. आतले ते अंतःकाष्ठ. त्याचे पाणी वाहण्याचे काम संपलेले असते आणि त्यात रंगद्रव्ये, तेले, टॅनिन असे पदार्थ साठलेले असतात. खैराचा गाभा लाल असतो. त्याचे तुकडे उकळूनच कात काढतात. बाभळीचा गाभा गुलाबी-तांबूस असून पुढे गडद होतो. सागाचा सोनेरी-तपकिरी, तर चिंचेचा गाभा लहान पण काळपट जांभळा असतो. आंब्याच्या लाकडात मात्र बहुधा असा उठून दिसणारा फरक नसतो.

आता छिद्रे पाहा. छेदावर सुईच्या टोकाएवढी भोके दिसतील. या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची, म्हणजे वाहिन्यांची तोंडे आहेत. सागाची पाने उन्हाळ्यात झडतात आणि वाढ थांबते. पुन्हा वाढ सुरू झाली की आधी मोठ्या वाहिन्या तयार होतात. म्हणून सागात मोठी छिद्रे वर्तुळावर ओळीने मांडलेली दिसतात आणि वाढीची वलये स्पष्ट उमटतात. आंबा, बाभूळ यांची छिद्रे सगळीकडे विखुरलेली असतात. चीड, देवदार अशा सूचिपर्णी वृक्षांत वाहिन्या मुळीच नसतात. सामानाच्या खोक्यांच्या फळ्या पुष्कळदा अशा लाकडाच्या असतात. नारळ किंवा ताड असेल, तर वलये नसतातच; गडद ठिपके विखुरलेले दिसतात.

शेवटी वास घ्या. ताज्या कापलेल्या सागाला तेलकट, चामड्यासारखा वास येतो. चंदन तर लपतच नाही. मात्र अनोळखी लाकडाची चव कधीही घेऊ नका. कारण पुढे कळेलच.

डेहराडून येथे १९०६ साली स्थापन झालेल्या वन संशोधन संस्थेत लाकडांचे हजारो नमुने जपून ठेवले आहेत. अनोळखी तुकड्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तो खात्रीच्या नमुन्यांशी ताडून पाहणे, ही तज्ज्ञांची रीत. तुम्हालाही हे करता येईल. ओळखीच्या दहा झाडांच्या वाळक्या फांद्यांचे तुकडे घ्या, छेद गुळगुळीत करा, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी लावा. हा संग्रह हाताशी असला, की अकरावे लाकूड कोणाशी जुळते ते पाहणे सोपे जाते.

जडपणा लाकडाचा की पाण्याचा?

समजा, नाव कळले नाही. तरी अडत नाही. कारण सरपणाच्या बाबतीत एक नवलाची गोष्ट आहे. पूर्ण वाळलेले कोणतेही लाकूड घ्या. एक किलोग्रॅम जाळले, तर सुमारे ४,५०० किलोकॅलरी उष्णता मिळते. बाभूळ असो वा सावर, किलोमागे फरक थोडाच पडतो. याचे कारण असे, की सर्व लाकडांच्या पेशींच्या भिंती मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांच्याच बनलेल्या असतात.

मग बाभळीला चांगले सरपण का म्हणतात? फरक आहे तो भरीवपणात. वाळलेल्या बाभळीची घनता घन सेंटिमीटरला सुमारे ०.८ ग्रॅम, सागाची सुमारे ०.६५, तर सावरीची ०.३५ च्या आसपास असते. अंजनाचे लाकूड तर पाण्यात बुडते. म्हणजे सारख्या आकाराच्या दोन ढलप्या चुलीत घातल्या, तर बाभळीच्या ढलपीत सावरीच्या दुप्पट जळण असते. ती सावकाश जळते आणि मागे टिकाऊ निखारे ठेवते. सावर, पांगारा भसकन पेटतात आणि लवकर विझतात. पण पटकन पेटण्याचाही उपयोग असतो. आगकाड्यांसाठी सावरीचे लाकूड वापरतात ते उगाच नव्हे!

तेव्हा जड लाकूड ते चांगले सरपण, असे म्हणावे का? थांबा. इथेच फसगत होते. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्मे पाणीही असू शकते. ताजी सावर हाताला वाळलेल्या बाभळीइतकी जड लागू शकते. म्हणून ओंडका उचलताना विचारायला हवे, की हा जडपणा लाकडाचा आहे की पाण्याचा?

पाण्याचा हिशोब

सोपा हिशोब मांडू. एक किलो ओल्या लाकडात ५०० ग्रॅम पाणी आणि ५०० ग्रॅम लाकूड आहे. लाकडापासून मिळणार २,२५० किलोकॅलरी. पण पाणी आधी ३० अंशांपासून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला ३५ आणि त्याची वाफ करायला २७० किलोकॅलरी खर्ची पडतील. हाती उरतील १,९४५.

आता नीट वाळलेले एक किलो लाकूड घेऊ. त्यातही हवेतल्या दमटपणामुळे दहावा हिस्सा पाणी धरू. ९०० ग्रॅम लाकडाचे ४,०५० आणि १०० ग्रॅम पाण्याचा खर्च ६१. उरले ३,९८९. दुपटीहूनही अधिक! वखारीत लाकूड वजनावर मिळते. ओले लाकूड घेणारा लाकडाच्या भावाने पाणी विकत घेतो, आणि वर ते उकळायला लाकूडही जाळतो.

पण खरा तोटा याहून मोठा आहे. लाकूड तापले की आधी पाणी निघून जाते. मग त्यातून जळणारे वायू बाहेर पडतात. आपल्याला दिसते ती ज्योत या वायूंची. शेवटी कोळसा उरतो आणि निखारे होऊन जळतो. लाकूड ओले असेल, तर चूल पुरेशी तापत नाही, वायू न जळताच निसटतात, आणि तोच धूर! म्हणजे धूर हे वाया गेलेले जळण आहे. फुंकणी घेऊन चुलीपाशी बसणाऱ्या आईच्या किंवा आजीच्या डोळ्यांना आणि फुफ्फुसांना त्याची किंमत मोजावी लागते.

लाकूड वाळले हे कसे ओळखावे? टोकाला मध्यापासून कडेकडे गेलेल्या भेगा दिसतात. साल सैल होते. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या, तर खणखणीत आवाज येतो. ओल्यांचा ‘थप्प’ असा येतो. जळताना टोकाशी फेस येऊन सूं-सूं आवाज झाला, तर लाकूड ओले समजावे. पण हलके लाकूड म्हणजे वाळलेलेच, असेही नव्हे. ठिसूळ होऊन बोटाने चुरा होत असेल, तर ते कुजलेले आहे. त्यातले जळण बुरशीने आधीच खाल्लेले असते.

ही लाकडे चुलीत नकोत

भरीवपणा आणि वाळणे यांसाठी नाव कळायलाच हवे असे नाही. पण एका गोष्टीसाठी ते कळायलाच हवे. कण्हेर आणि पिवळी कण्हेर यांचे सर्व भाग विषारी असतात, वाळल्यावरही. त्यांची काटकी शेकोटीत टाकू नये, तिच्यावर कणीस भाजू नये. बिब्ब्याच्या तेलाने अंगावर फोड उठतात, धूरही बाधतो. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते. कोकणच्या खाड्यांतील गेवा या झाडाचा चीक आणि धूर दोन्ही डोळ्यांना घातक. रंग दिलेल्या किंवा औषध मारलेल्या फळ्या आणि प्लायवुडही जाळू नये.

नियम सोपा ठेवा. कापताना पांढरा चीक निघाला, किंवा लाकडाची शंका आली, तर ते चुलीपासून दूर ठेवा आणि जाणत्या माणसाला दाखवा. जाणत्यांनाही सांगता आले नाही, तर त्याच्याविना चूल पेटवा.

करून पाहा

१. सुताराकडून १० सेंमी लांब, ५ सेंमी रुंद आणि २ सेंमी जाड असे वेगवेगळ्या वाळलेल्या लाकडांचे ठोकळे करून घ्या. प्रत्येकाचे घनफळ १०० घन सेंमी. ग्रॅममधील वजनाला १०० ने भागा, घनता मिळेल. घनतेप्रमाणे ठोकळे ओळीने मांडा.

२. एकाच ताज्या फांदीचे दोन सारखे तुकडे घ्या. एक तसाच ठेवा, दुसरा उभा फोडा. दोन्ही सावलीत, वाऱ्याला ठेवा. दर रविवारी वजन करून आलेख काढा. वजन घटणे थांबेल तेव्हा लाकूड हवेत वाळले. कोणता तुकडा आधी वाळला? सालीचे काम काय, हे त्यावरून सांगता येईल का?

३. घरचे सरपण जमिनीवर न ठेवता दोन आडव्या लाकडांवर मोकळे रचा. वरून झाका, बाजू उघड्या ठेवा. थंडीत फोडून ठेवलेले लाकूड पावसाळ्यापूर्वी वाळते. मग जुलैच्या झडीत चूल पेटवताना घरात किती धूर होतो, ते तुम्हीच पाहा.