होडीच्या यंत्रातील ठिणगीचे दोष व त्यांची पारख

कोकण किनाऱ्यावर अनेक कुटुंबांत शेती आणि मासेमारी हे दोन्ही धंदे एकाच घरात चालतात. भाताची लावणी व बेणणी उरकते, नारळी पौर्णिमा होते आणि तीच माणसे होडी पाण्यात लोटतात. होडीच्या मागील फळीवर बसविलेले पेट्रोलचे अथवा पेट्रोल-रॉकेलवर चालणारे लहान यंत्र आता बहुतेक मच्छीमार गावांत दिसते. या यंत्रात इंधन पेटते ते प्लगच्या ठिणगीने. ट्रॉलरसारख्या मोठ्या नौकांच्या डिझेल यंत्रांत दाबामुळे तापलेल्या हवेत तेल आपोआप पेट घेते. त्यांना असा प्लग नसतो, म्हणून त्यांचा विचार येथे केलेला नाही. उलट, बागायतदाराच्या पाठीवरील पेट्रोल फवारणी पंपास पुढील माहिती बरीचशी जशीच्या तशी लागू पडते.

शेतावर पंप बंद पडला तर दिवस वाया जातो, एवढेच. खाडीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी बाहेर ओढत असताना आणि समोरून लाट फुटत असताना यंत्र थांबले तर होडी लाटेला आडवी होते आणि थोड्याच वेळात खडपावर जाते. सबब यंत्र बंद पडताच प्रथम नांगर टाकावा, वल्ही हाताशी घ्यावीत आणि मगच यंत्राचे झाकण उघडावे. दोरी ओढता ओढता होडी कोठे वाहत गेली याचे भान न राहिल्याने संकट ओढवते. यंत्रातील दोष पुष्कळदा अगदी क्षुल्लक असतो.

दोष शोधण्यापूर्वी विजेची वाट समजून घेणे अवश्य आहे. दोरी ओढली की यंत्राच्या वरील जड चाक फिरते. चाकातील लोहचुंबकांमुळे आतील गुंडाळ्यांत वीज निर्माण होते आणि कॉइल तिचा दाब हजारो व्होल्टांपर्यंत वाढविते. तेथून ती जाड वायरीने व रबरी टोपीतून प्लगमध्ये उतरते, प्लगच्या टोकाशी ठेवलेली फट उडी मारून ओलांडते व तीच ठिणगी होय. येथपर्यंतची वाट सर्वांना माहीत असते. पुढची अर्धी वाट मात्र विसरली जाते. प्लगच्या धातूच्या अंगातून, आट्यांतून, यंत्राच्या धडातून आणि कॉइलच्या बोल्टातून अथवा लहान वायरीतून ही वीज परत कॉइलकडे जाते. या परतीच्या वाटेस मिस्त्री लोक ‘अर्थ’ किंवा ‘अर्थिंग’ म्हणतात. त्या शब्दावरून वीज जमिनीत अथवा समुद्राच्या पाण्यात जाते असा पुष्कळांचा समज होतो, तो बरोबर नाही. होडी लाकडाची असो की फायबरची, ती वीज वाहून नेत नाही. यंत्राचे स्वतःचे धड हाच येथील अर्थ होय. ही वाट कोठेही तुटली तर प्लग नवा असूनही ठिणगी पडत नाही, अथवा पडली तरी अशक्त व पिवळसर पडते.

किनाऱ्यावर ही वाट तुटण्यास खारी हवा पुरेशी आहे. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी येते, तांब्याच्या टोकावर हिरवट थर चढतो आणि लोखंडी बोल्ट गंजतो. बाहेरून बोल्ट घट्ट दिसतो, पण आत धातूला धातू टेकलेला नसतो. याखेरीज माणसाच्या हातून होणारी एक चूक पावसाळी बंदीच्या काळात फार आढळते. होडी किनाऱ्यावर ओढलेली असते, हातात वेळ असतो, म्हणून यंत्र उघडून त्यास रंग दिला जातो. यंत्र चकचकीत होते, परंतु कॉइल बसण्याची जागा व अर्थ वायरीचे टोक हेही रंगून निघतात. हंगामाच्या पहिल्याच दिवशी यंत्र चालू होत नाही. तांडेल एकामागून एक प्लग बदलतो, कार्ब्युरेटर दोनदा खोलतो, आणि शेवटी मिस्त्री येऊन काचकागदाने रुपयाएवढी जागा खरवडतो व दुसऱ्या ओढीस यंत्र चालू होते. रंगकाम जरूर करावे. पण कॉइलच्या बोल्टाखालची जागा व वायरींची टोके उघडी, स्वच्छ ठेवावीत, आणि बोल्ट आवळून झाल्यावर वरून ग्रीसचा पातळ हात द्यावा.

दोष शोधताना सोप्यापासून अवघडाकडे जावे. तांडेलाच्या मनगटाला अथवा कमरेला बांधावयाची जी सुरक्षा-दोरी असते, तिचा चाप खटक्यात नीट बसला आहे काय, हे सर्वांत आधी पाहावे. तो निसटलेला असेल तर कितीही दोरी ओढली तरी ठिणगी पडणार नाही. यात हसण्यासारखे काही नाही. घाईत अनुभवी माणसाचेही याकडे दुर्लक्ष होते.

नंतर प्लग काढून त्याचे तोंड पाहावे. तोंड तांबूस-करडे असेल तर यंत्राचे जळण ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल तर इंधन जास्त व हवा कमी मिळते, किंवा यंत्र फार वेळ मंद गतीने चालविले गेले आहे. तेलकट काळे तोंड जास्त वंगणतेलाची खूण होय. तोंड पांढरेफटक व टोके झिजलेली दिसली तर यंत्र फाजील तापत आहे असे समजून थंड पाण्याची धार व इंधन-वंगणाचे प्रमाण तपासावे. तेथे केवळ प्लग बदलून भागणार नाही. प्लग इंधनाने ओला असेल तर इंधन पोहोचते आहे, पण ते पेटत नाही. रॉकेलवर चालणाऱ्या यंत्रात याचे एक कारण फार साधे असते. यंत्र बंद करण्यापूर्वी ते काही मिनिटे पेट्रोलवर चालविलेले नसते, म्हणून कार्ब्युरेटरमध्ये रॉकेल राहते. थंड यंत्रात रॉकेलची वाफ नीट होत नाही आणि प्लग भिजतो.

ठिणगीची परीक्षा करताना सांडलेले इंधन पुसून घ्यावे, इंधनाची नळी काढून दूर ठेवावी व झाकण उघडे ठेवून वाफ जाऊ द्यावी. पेट्रोलच्या वाफेत ठिणगी पाडणे म्हणजे होडीला आग लावणे होय. प्लग टोपीत बसवून त्याचे धातूचे अंग यंत्राच्या रंग नसलेल्या भागास, प्लगच्या भोकापासून दूर, पक्के टेकवावे. होडीवर ते हाताने धरू नये. जोराचा झटका बसतो आणि माणूस पाण्यात पडू शकतो. प्लग न टेकविता दोरी ओढली तर विजेस परतीची वाट मिळत नाही आणि आधुनिक यंत्रातील कॉइल व इलेक्ट्रॉनिक डबी बिघडण्याचा संभव असतो. निळसर, कडकडणारी ठिणगी चांगली समजावी.

ठिणगी मुळीच नसेल तर यंत्र बंद करण्याच्या बटणाची वायर पाहावी. हे बटण कॉइलकडे जाणारी वीज ठिणगीपर्यंत जाऊ न देता थेट यंत्राच्या धडाशी जोडून टाकते, म्हणून यंत्र थांबते. ही वायर घासून उघडी पडली व धडास टेकली, किंवा बटणात खारे पाणी शिरले, तर बटण कायमचे दाबल्यासारखे होते. येथे अर्थ तुटलेला नसून नको तेथे जुळलेला असतो. वायर तात्पुरती सोडवून पाहावी. ठिणगी आली तर दोष बटणात अथवा वायरीत आहे. मात्र अशा स्थितीत बटणाने यंत्र बंद होत नाही व सुरक्षा-दोरीही निकामी होते, हे खलाशांना सांगून ठेवावे. चोक ओढून किंवा इंधन तोडून यंत्र थांबवावे आणि केवळ घरी पोहोचण्यापुरता हा उपाय करावा.

दोन सिलिंडरांचे यंत्र थरथरत, धूर टाकीत, अर्ध्या जोराने चालत असेल तर दोन्ही प्लग आपसांत बदलून पाहावेत. दोष प्लगबरोबर दुसरीकडे गेला तर प्लग खराब. जागच्या जागी राहिला तर टोपी, वायर अथवा कॉइल तपासावी. टोपीच्या रबरास चीर असल्यास तिच्यावरील मिठाच्या ओलसर थरातून वीज बाहेर निसटते. काळोखात झाकण काढून यंत्र चालविले असता ती निळ्या रेषेसारखी दिसते. ती पाहताना फिरत्या चाकापासून हात व कपडे दूर ठेवावेत.

नवा प्लग घेताना त्यावरील अक्षरे व आकडे जुन्याशी किंवा यंत्राच्या पुस्तिकेशी ताडून घ्यावेत. नुसते आटे जुळले म्हणजे प्लग जुळला असे नव्हे. तापमानाचा दर्जा चुकला तर काजळी धरते अथवा पिस्टन जळतो. फट यंत्रागणिक साधारण ०.६ ते १.० मिलिमीटर असते. ती फीलर गेजने मोजावी, डोळ्याने नव्हे. प्लग आधी बोटांनी पूर्ण बसवावा, मग पान्ह्याने पाव ते अर्धा फेरा आवळावा. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की दुरुस्तीचा खर्च प्लगच्या किमतीच्या कितीतरी पट येतो.

बॅटरीवर चालू होणाऱ्या यंत्रात बॅटरीच्या ऋण टोकापासून धडाकडे येणारी जाड वायर हाही अर्थच होय. ती सैल असेल तर स्टार्टर नुसता ‘टक्’ आवाज करतो, आणि वीज नियंत्रणाच्या तारांतून वाट काढू लागल्याने त्या तारा गरम होतात. अशा वेळी नवी बॅटरी विकत घेण्यापूर्वी दोन्ही टोके घासून पाहावीत.

परतल्यावर यंत्राच्या थंड पाण्याच्या वाटेतून गोडे पाणी खेळवावे, परंतु झाकणाखाली पाण्याची धार मारू नये. तेथे ओलसर फडक्याने पुसून कोरडे करावे. होडीवर एका घट्ट झाकणाच्या डब्यात दोन योग्य प्लग, प्लगचा पान्हा, काचकागदाचा तुकडा, कोरडे फडके, हातभर वायर व सुरक्षा-दोरीचा जादा चाप ठेवावा. डबा जाळ्याखाली नसावा, तांडेलाच्या हाताशी असावा.