पाठ १४ : चार तळहातांवर धावणारी गाडी

वाचण्याआधी

तुमच्या घरच्या गाडीकडे जा. टायरच्या बाजूला काही आकडे आणि अक्षरं कोरलेली दिसतील. ती जशीच्या तशी वहीत उतरवून आणा. पाठ वाचताना लागणार आहेत.

१. प्रश्न काय आहे?

इंटरनॅशनल सिटीत राहणाऱ्या मुलांना एका संध्याकाळी चार देश फिरून यायची सवय असते. चायना क्लस्टर, ग्रीस क्लस्टर, पर्शिया क्लस्टर, रशिया क्लस्टर! आता समजा, इंग्लंड क्लस्टरमधल्या एका इमारतीखाली खरोखरच एक इंग्लिश गाडी उभी आहे. लाल, बुटकी, जुनी मिनी. आणि ती तुमच्या मावशीची आहे.

हिवाळा आला की मावशीला ही गाडी दुबई ऑटोड्रोमवर शर्यतीत उतरवायची आहे. हा ट्रॅक २००४ साली सुरू झाला. त्याची पूर्ण फेरी ५.३९ किलोमीटरची आहे. मावशीकडे पैसे आहेत ते चार टायरच्या एकाच संचाचे. ती तुम्हाला म्हणते, “कुठले टायर घ्यायचे ते तू सांग. पण का घ्यायचे तेही सांग.”

हे काम सोपं नाही. इंजिन कितीही ताकदीचं असलं, तरी गाडी रस्त्याला टेकते ती फक्त टायरवर. किती जागेवर टेकते? हिशोब करू. गाडी ६४० किलो आणि मावशी ६० किलो, म्हणजे एकूण ७०० किलो. मिनीचं इंजिन पुढे असतं, म्हणून साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन चाकांवर येतं. म्हणजे एका पुढच्या चाकावर २१० किलो. टायरमध्ये ३० पीएसआय हवा असेल, तर ती दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलो वजन पेलते. २१० भागिले २.१, उत्तर १०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे जवळजवळ तुमच्या तळहाताएवढी जागा!

असे चार तळहात. ब्रेक, वळण, वेग, सगळं त्यांच्यावर. टायर चुकला तर शर्यत हरण्याआधी गाडी वेळेत थांबायची बंद होते. म्हणून “दिसायला भारी” हे कारण मावशीला चालणार नाही.

२. टायरला मराठीत काय म्हणतात?

आपण टायरच म्हणतो. पण बैलगाडीच्या लाकडी चाकाभोवती जी लोखंडी पट्टी असते, तिला मराठीत सुंदर शब्द आहे : धाव. लोहार ती पट्टी लालभडक तापवतो, चाकावर चढवतो आणि वर पाणी ओततो. लोखंड आकसतं आणि चाक घट्ट आवळलं जातं.

धाव म्हणजे पळणंसुद्धा. एकच शब्द, दोन अर्थ, आणि दोन्ही चाकाला शोभतात.

आणखी एक शब्द बघा. जादा चाकाला भारतात सगळे स्टेपनी म्हणतात. हा शब्द वेल्समधल्या लॅनेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीट या रस्त्यावरून आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे जादा चाकं बनायची.

३. आकडे वाचू या

मिनी बाजारात आली १९५९ साली. अलेक इसिगोनिस यांनी ती रचली. गाडी जेमतेम ३ मीटर लांब ठेवायची, तरी आत चार माणसं बसवायची, म्हणून त्यांनी चाकं अगदी लहान घेतली : फक्त १० इंच. त्यासाठी डनलॉप कंपनीनं खास टायर बनवले. पहिल्या मिनीच्या टायरचं माप होतं ५.२०-१०. म्हणजे रुंदी ५.२० इंच आणि रिम १० इंच.

मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी आठवते का? आजी-आजोबांना नक्की आठवेल. हीच मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. तिचं माप होतं ५.२०-१४. रुंदी तीच, फक्त रिम मोठी.

आता नव्या पद्धतीचं माप बघू : १६५/७० आर १०.

१६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.
७० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के. इथे ११५.५ मिलिमीटर.
आर म्हणजे रेडियल बांधणी.
१० म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. एक इंच २५.४ मिलिमीटरचा, म्हणून २५४ मिलिमीटर.

पूर्ण टायरची उंची किती? २५४ अधिक दोन वेळा ११५.५, म्हणजे ४८५ मिलिमीटर. एका गिरकीत चाक साधारण दीड मीटर पुढे जातं. ऑटोड्रोमच्या एका फेरीत प्रत्येक टायर साडेतीन हजार गिरक्या घेतो!

४. निवड, पायरीपायरीनं

पहिली पायरी : नियम. दुकानात जाण्याआधी शर्यतीचं नियमपुस्तक वाचायचं. जुन्या गाड्यांच्या काही शर्यतींत त्या काळचेच टायर लागतात. एफआयए या जागतिक संस्थेच्या ‘अपेंडिक्स के’ नियमावलीत ऐतिहासिक गाड्यांच्या टायरचे नियम आहेत. तिथे डनलॉपचे जुन्या नक्षीचे टायर वापरतात. नियमात न बसणारा टायर कितीही चांगला असला, तरी उपयोग शून्य.

दुसरी पायरी : माप. मिनीचं नेहमीचं रेडियल माप १४५/८० आर १० आहे. त्याची उंची काढा : ४८६ मिलिमीटर. आणि १६५/७० आर १० ची? ४८५. उंची जवळजवळ तीच, पण रुंदी २० मिलिमीटरनं जास्त. म्हणजे गिअरचा हिशोब बिघडत नाही आणि वळणावर पकड वाढते.

काहीजण म्हणतील, १३ इंची रिम लावा, १७५/५० आर १३ घ्या. तो टायर ५०५ मिलिमीटर उंच होतो. चाक मोठं झालं की प्रत्येक गिअर लांब होतो आणि गाडी वेग घ्यायला जास्त वेळ लावते. शिवाय चाक जड होतं आणि मडगार्डला घासू शकतं. आपल्याकडे यासाठी म्हण आहे : नाकापेक्षा मोती जड!

तिसरी पायरी : बांधणी. टायरच्या आत दोऱ्यांचे थर असतात. जुन्या क्रॉसप्लाय टायरमध्ये ते तिरके, एकमेकांना छेदत जातात. रेडियलमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि वर एक पट्टा असतो. क्रॉसप्लाय लवकर घसरायला लागतो, पण हळूहळू. गाडी आधी सांगते, मग घसरते. रेडियल जास्त वेळ धरून ठेवतो, पण सुटला की पटकन सुटतो.

चौथी पायरी : रबर. मऊ रबर चांगलं चिकटतं, पण लवकर झिजतं. कडक रबर टिकतं, पण ते आधी तापावं लागतं. इथेच छोट्या गाडीची गंमत आहे. मिनी हलकी, त्यामुळे ती टायरला फारसं दाबत नाही. जड गाडीसाठी बनवलेलं कडक रबर मिनीखाली तापतच नाही. म्हणून हलक्या गाडीला मऊ किंवा मध्यम रबर.

पाचवी पायरी : नक्षी. अजिबात खाचा नसलेला गुळगुळीत टायर, म्हणजे स्लिक, कोरड्या ट्रॅकवर उत्तम. पण पाणी बाहेर ढकलायला त्याला वाटच नाही. दुबईत पाऊस क्वचित पडतो हे खरं, पण १६ एप्रिल २०२४ चा पाऊस इथे कोणी विसरलेलं नाही. आणि स्लिक घालून सार्वजनिक रस्त्यावर जाता येत नाही.

सहावी पायरी : वय. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. ‘०८२४’ म्हणजे २०२४ सालचा आठवा आठवडा. रबर वयानं कडक होतं. शर्यतीचा टायर तर प्रत्येक वेळी तापून थंड झाला की आणखी थोडा कडक होतो. नक्षी शिल्लक असते, पण पकड गेलेली असते. म्हणून “स्वस्तात जुने मिळतायत” ऐकलं की आधी तारीख वाचायची. आणि टायर बाल्कनीतल्या उन्हात ठेवायचे नाहीत.

५. हवा भरायची, पण किती?

हवा तापली की दाब वाढतो. थंड टायरमध्ये २६ पीएसआय हवा भरली आणि टायर २५ अंशांवरून ६५ अंशांवर गेला, तर दाब साधारण साडेपाच पीएसआयनं वाढतो. म्हणून शर्यतवाले सुरुवातीला हवा कमी ठेवतात आणि फेऱ्या मारून आल्यावर लगेच पुन्हा मोजतात.

टायर स्वतःच सांगतो की काय चुकलंय. गरम टायरचं तापमान तीन जागी घ्या : आतली कड, मध्य, बाहेरची कड. मध्य जास्त गरम, तर हवा जास्त. दोन्ही कडा जास्त गरम, तर हवा कमी.

अजून एक गोष्ट मावशीला सांगा. मिनीची पुढची चाकं गाडी ओढतात, वळवतात आणि ब्रेकचा बहुतेक भारही घेतात. ती लवकर तापतात. मागची मात्र थंडच राहतात. पहिल्या दोन फेऱ्यांत घाई केली, तर मागची बाजू घसरते.

६. मग मावशीला काय सांगायचं?

जर नियमात जुन्या नक्षीचा टायर लिहिला असेल, तर तोच घ्यायचा. वाद नाही.

जर नियम मोकळा असेल आणि संच एकच घ्यायचा असेल, तर १६५/७० आर १० मापाचा, थोडी नक्षी असलेला, शर्यतीसाठी बनवलेला रेडियल. योकोहामाचा ए०३२आर हा या मापातला प्रसिद्ध टायर आहे. गिअर बिघडत नाहीत, हलक्या गाडीखाली रबर तापतं आणि थोडं पाणी आलं तरी गाडी हाताबाहेर जात नाही. स्लिकपेक्षा वेळ थोडा जास्त लागेल. चालेल. एकच संच परवडतो, तेव्हा सगळ्या दिवसांना पुरेल असा टायर घ्यावा, एका दिवसाला जिंकून देणारा नाही.

शब्दार्थ

पकड : घट्ट धरून ठेवण्याची ताकद
नक्षी : टायरवरच्या खाचांची रचना
आकसणे : आकारानं लहान होणे
गिरकी : स्वतःभोवतीची एक फेरी
झिजणे : वापरून वापरून कमी होणे
नाकापेक्षा मोती जड : मूळ गोष्टीपेक्षा तिची सजावटच मोठी होणे

स्वाध्याय

१. वहीत उतरवलेल्या आकड्यांवरून तुमच्या गाडीच्या टायरची पूर्ण उंची काढा.
२. ‘धाव’ हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरून दोन वाक्यं लिहा.
३. हलक्या गाडीला कडक रबर का चालत नाही? तीन वाक्यांत सांगा.
४. ‘नाकापेक्षा मोती जड’ ही म्हण गाडी सोडून दुसऱ्या कुठल्या गोष्टीला लागू पडते? एक उदाहरण द्या.
५. मावशी म्हणते, “मला स्लिकच हवेत!” तुमचा आणि तिचा संवाद आठ ओळींत लिहा. मावशीशी बोलताय हे लक्षात ठेवा : “अगं मावशी...” अशी सुरुवात करा.