रोजच्या तासाची वर्गणी : माजी खेळाडू आणि वस्तीतला बास्केटबॉल

संध्याकाळी पाचला शाळेच्या मैदानावर चेंडू आपटल्याचा आवाज आला की वस्तीतल्या घराघरांतून मुले धावत सुटतात. काही महिन्यांनी चेंडू फुगतो, जाळी फाटते, शिकवणारा तरुण नोकरीला लागतो आणि तो आवाज थांबतो. मग तीच मुले त्याच वेळी मोबाइल घेऊन बसतात किंवा नाक्यावर उभी राहतात. खेळ कोणी ठरवून बंद पाडलेला नसतो. तो रोज चालू ठेवायला जे थोडे पैसे लागतात, ते कोणाच्याच हिशेबात धरलेले नसतात, एवढेच.

याच मैदानावर पूर्वी खेळलेली मुले-मुली आज कोणी परिचारिका आहेत, कोणी रेल्वेत आहेत, कोणी शिक्षक, कोणी वेल्डर, कोणी बँकेत. अशा माजी विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन मुलांच्या खेळासाठी निधी कसा उभारावा आणि तो कशावर खर्च करावा, हा या वेळच्या पाठाचा विषय आहे. आरोग्याच्या पानावर वर्गणीचे काय काम, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पाठातच येईल.

एक तास शरीराला काय देतो?

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की, ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस हाडे-स्नायू बळकट करणारा जोरकस व्यायाम त्यात असावा. बास्केटबॉलमध्ये हे दोन्ही मिळते. धावल्याने हृदय आणि फुप्फुसांची ताकद वाढते. उड्या मारल्याने पायांच्या आणि कमरेच्या हाडांवर योग्य ताण पडतो व ती मजबूत होतात. हाडांची ही भरती मुख्यतः किशोरवयात होते. ती संधी पुढे पुन्हा तेवढी मिळत नाही. शिवाय झोप चांगली लागते, मन मोकळे होते आणि दहा जणांबरोबर हार-जीत पचवायची सवय लागते.

आपल्या वस्तीसाठी या खेळाचा आणखी एक गुण आहे. त्याला जागा कमी लागते. पूर्ण मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते, पण अर्ध्या मैदानावर एकाच कड्यावरही तीन-तीन जणांचा खेळ रंगतो. कडे जमिनीपासून ३.०५ मीटर उंच असते. लहान मुलांसाठी ते २.६० मीटरवर लावतात. मोठ्या मुलांसाठी सात नंबरचा, मुलींसाठी सहा नंबरचा आणि लहानांसाठी पाच नंबरचा चेंडू घ्यावा. लहान हातात मोठा चेंडू दिला तर बोटे दुखावतात.

मात्र हा सारा फायदा रोजच्या खेळाचा आहे. वर्षातून एकदा भरणाऱ्या दोन दिवसांच्या स्पर्धेने हाडे बळकट होत नाहीत. म्हणून निधी उभारायचा तो चषकासाठी नव्हे, रोजच्या तासासाठी.

खेळणाऱ्यांनीच खेळ जगवला

बास्केटबॉलचा जन्म डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावात झाला. जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकांना हिवाळ्यात छताखाली खेळता येईल आणि ज्यात धक्काबुक्की कमी असेल असा खेळ हवा होता. त्यांनी सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, फुटबॉल घेतला आणि १३ नियम लिहिले. पुढे १८९८ मध्ये नेस्मिथ वैद्यकीय पदवीधरही झाले. म्हणजे हा खेळ शोधणारा माणूस शरीराचा अभ्यासक होता.

१९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला. तो सोहळा पाहायला नेस्मिथना पाठवण्यासाठी अमेरिकेतील बास्केटबॉल प्रशिक्षकांच्या संघटनेने पुढाकार घेऊन निधी जमवला. ज्यांना या खेळाने काही दिले होते, त्यांनीच ते परत केले.

आजही अमेरिकेतील अनेक शाळांत माजी विद्यार्थ्यांचा सामना भरतो. एका बाजूला जुने खेळाडू, दुसऱ्या बाजूला आजचा संघ. तिकिटाचे आणि खाऊच्या स्टॉलचे पैसे मुलांच्या संघाला जातात. पालक आणि माजी विद्यार्थी मिळून संघासाठी मंडळही चालवतात. तिथल्या १९७२ च्या ‘टायटल नाईन’ कायद्यातून घेण्यासारखा एक धडा आहे. या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत मुलगा-मुलगी असा भेद करायला बंदी आहे. त्यामुळे ‘देणगीदाराने फक्त मुलांच्या संघासाठी पैसे दिले’ ही सबब शाळेला सांगता येत नाही. मुलींच्या संघालाही तोडीच्या सोयी द्याव्याच लागतात.

फार लांब जायलाही नको. मध्य मुंबईतला नागपाडा हा दाटीवाटीचा, कष्टकऱ्यांचा भाग. बास्केटबॉलसाठी तो देशभर ओळखला जातो. भारताचे कप्तान आणि १९७० च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुंतासिर हे तिथलेच. जुन्या खेळाडूंनी मैदानावर येऊन धाकट्यांना शिकवायचे, ही तिथली रीत आहे. माजी खेळाडूची पहिली देणगी पैशाची असलीच पाहिजे असे नाही, हे नागपाड्याकडून शिकावे.

पैसा आधी कुठे जावा?

निधी जमला की पहिली मागणी येते छापील बनियनांची, बॅनरची आणि मोठ्या चषकाची. आरोग्याच्या दृष्टीने क्रम वेगळा आहे.

१. खांब आणि जमीन. नोव्हेंबर २०२५ मध्ये हरियाणात बास्केटबॉलचा खांब कोसळून दोन किशोरवयीन खेळाडूंचा जीव गेला. दोन्ही घटना वेगवेगळ्या मैदानांवरच्या. म्हणून पहिला रुपया खांबावर खर्च करावा. बुडाशी गंज आहे का, नट-बोल्ट ढिले आहेत का, पाया हलतो का, हे वेल्डिंगची माहिती असलेल्या माजी खेळाडूने दर महिन्याला पाहावे. शंका वाटली तर दुरुस्ती होईपर्यंत त्या कड्याखाली खेळ बंद. कड्याला लोंबकळायला कायमची मनाई. जमिनीवरची वाळू, काच, खडे रोज झाडून काढावेत.

२. बूट. चपलेवर किंवा अनवाणी खेळल्याने घोटे मुरगळतात. मुलांचे पाय भराभर वाढतात, त्यामुळे लहान झालेले पण तळ शाबूत असलेले बूट जमा करून मापाप्रमाणे वाटता येतात. तळ गुळगुळीत झालेला बूट मात्र कोणाला देऊ नये. तो घसरतो.

३. पाणी आणि खाऊ. रिकाम्या पोटी खेळवू नये. उकडलेले अंडे, केळे, भाजलेले चणे-गूळ किंवा शेंगदाणे, यांतले काहीही एक पुरते. स्वच्छ पिण्याच्या पाण्याची टाकी मैदानाजवळ असावी.

४. प्रथमोपचार पेटी. क्रेप बँडेज, कापूस, गॉझ, चिकटपट्टी, जंतुनाशक द्रव, ओआरएसची पाकिटे आणि कात्री. पेटी कुलपात नको. मैदानावर हाताशी हवी.

५. शिकवणाऱ्याचे मानधन. फुकट शिकवणारा मुलगा किती दिवस येईल? निदान त्याचा जाण्या-येण्याचा खर्च निघालाच पाहिजे.

मुलींचा वेगळा विचार

सातवी-आठवीत गेली की मुलगी मैदानावरून दिसेनाशी होते. तिला खेळ आवडत नाही म्हणून नव्हे. मैदानाजवळ संडास नसतो, पाळीच्या दिवसांत पॅड बदलायला जागा नसते, परतताना अंधार पडतो आणि मैदानावर ओळखीची एकही बाई नसते. या चारही गोष्टी थोड्या खर्चात सुटतात. शाळेच्या स्वच्छतागृहाची चावी, पेटीत पॅडचे पाकीट, एक दिवा आणि महिला मंडळातल्या किंवा माजी खेळाडूंपैकी एका बाईची हजेरी. पाळीत खेळू नये असे काही नाही. त्रास नसेल आणि तिची इच्छा असेल तर तिने खुशाल खेळावे.

दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये आणि ३१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. मुलगी थोडे धावली की धापा टाकते, डोके दुखते म्हणते, चेहरा फिका दिसतो, तर तिला आळशी म्हणू नका. हिमोग्लोबिन तपासा. या वयाच्या मुलीचे ते १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्या. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यावी. पालेभाजी आणि मोडाच्या मटकीवर लिंबू पिळावे. त्याने लोह चांगले शोषले जाते. जेवणाबरोबर चहा टाळावा. वर्षातून दोनदा सगळ्या मुलामुलींची रक्ततपासणी करून घेणे, हे माजी विद्यार्थ्यांमधल्या परिचारिकेने किंवा डॉक्टरने अंगावर घेण्यासारखे काम आहे.

एक नमुना हिशेब

४० माजी विद्यार्थ्यांनी दरमहा २०० रुपये दिले तर महिन्याला ८,००० आणि वर्षाला ९६,००० रुपये होतात. ३० मुले महिन्यात २४ दिवस खेळतात असे धरू. पुढचे भाव केवळ हिशेब समजावण्यासाठी आहेत. आपल्या गावचे भाव टाकून आपला हिशेब करावा.

खाऊ, प्रत्येकी ८ रुपये : ५,७६० रुपये
शिकवणाऱ्याचा प्रवासखर्च : १,००० रुपये
चेंडू, जाळी, दुरुस्ती : ७०० रुपये
प्रथमोपचार साहित्य : ५०० रुपये
एकूण : ७,९६० रुपये. शिल्लक ४० रुपये.

बूट आणि खांबाची दुरुस्ती हा खर्च दरमहाचा नाही. त्यासाठी वर्षातून एकदा माजी विद्यार्थ्यांचा सामना भरवावा. चाळिशी ओलांडलेल्यांनी त्या दिवशी एकदम जोशात मैदानात उतरू नये. आधी महिनाभर चालण्या-पळण्याचा सराव करावा, आणि रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच खेळावे. ज्यांना खेळता येणार नाही त्यांनी गुण मोजावेत.

वर्गणी कशी, हिशेब कसा?

१४ एप्रिलची वर्गणी काढणे आपल्याला नवे नाही. फरक एवढाच की ही वर्गणी बारा महिन्यांची आहे. म्हणून एकदम पाच हजार देणाऱ्या एकापेक्षा दरमहा दोनशे देणारे पंचवीस जण जास्त कामाचे. मोठा देणगीदार पुढच्या वर्षी बदलतो आणि खेळ बंद पडतो. पंचवीसांतले दोघे गळाले तरी तेवीस राहतात.

पैसे कोणाच्या खासगी खात्यात घेऊ नयेत. संस्थेच्या नावाचे बँक खाते आणि दोघांच्या सह्या असाव्यात, त्यात एक बाई असावी. नोंदणी नसताना लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे असतील, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाशी संपर्क साधून रीतसर पूर्तता करावी. प्रत्येक रुपयाची पावती द्यावी आणि महिनाअखेर जमा-खर्चाचा कागद मैदानाच्या भिंतीवर लावावा. मुलांनाही तो वाचता आला पाहिजे.

आणखी दोन नियम आधीच ठरवावेत. देणगी दिली म्हणून कोणाच्या मुलाला संघात जागा मिळणार नाही. आणि बूट हातात घेतलेल्या मुलाचा फोटो देणगीदाराच्या जाहिरातीत छापला जाणार नाही. मूल मैदानावर खेळाडू म्हणून येते, याचक म्हणून नव्हे. माजी विद्यार्थी देतो तो उपकार नाही. आपल्याला जे मिळाले त्याचा पुढचा हप्ता आहे.

दुखापत झाली तर

घोटा मुरगळला तर खेळ थांबवा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे ठेवा, क्रेप बँडेज बेताने बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. तेल लावून चोळू नका, ओढून ‘बसवू’ नका. पायावर भार देऊन चार पावलेही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढायला न्या. डोक्याला मार लागून गरगरले, उलटी झाली किंवा मूल गोंधळले, तर त्या दिवशी त्याने पुन्हा खेळायचे नाही. लगेच डॉक्टरांना दाखवा. खेळताना छातीत दुखले किंवा भोवळ आली तर डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत खेळ बंद. उन्हाने मूल बरळू लागले, अंग तापले, तर सावलीत न्या, अंगावर पाणी घालून वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

घरी आणि बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या मुलांना आणि मुलींनाही रोज एक तास खेळायला मिळतो का? मिळत नसेल तर नेमके काय आडवे येते?
२. आपल्या मैदानाचा खांब शेवटचा कोणी आणि कधी तपासला?
३. आपल्या घरातले कोण या मैदानाचे किंवा शाळेचे माजी खेळाडू आहे? ते दरमहा काय देऊ शकतील : पैसे, वेळ की हातातली कला?

या तीन प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून काढा आणि तो कागद घेऊन येत्या रविवारी मैदानावर जमा. चेंडूत हवा भरायला तेवढे पुरेसे आहे.