पदार्थविज्ञानाकडून संगणक-सुरक्षेकडे

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय बनावटीच्या पहिल्या संगणकांपैकी एकाची उभारणी १९५० नंतरच्या दशकात झाली. ती करणाऱ्या गटातील बहुतेक तरुण पदार्थविज्ञानाचे पदव्युत्तर पदवीधर होते. गटप्रमुख आर. नरसिंहन यांचा अपवाद वगळता त्यांपैकी कोणी पूर्वी संगणक हाताळलेलाही नव्हता. मग तो बांधण्याचा अनुभव कोठून असणार? १९६० मध्ये हे यंत्र कार्यान्वित झाले आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्यास ‘टिफ्रॅक’ असे नाव दिले.

ठाण्याच्या बांदोडकर किंवा कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयातून पदार्थविज्ञान घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यास ही वाट आजही खुली आहे. तथापि पदार्थविज्ञान म्हणजे प्राध्यापकी, नाहीतर बी. एड., हा समज डोंबिवलीच्या सुशिक्षित घरांतूनही अद्याप पुरता गेलेला नाही. या वाटेवर विद्यार्थी नेमका कोठे वळतो, हे शिक्षकांनी जाणून घेणे त्यामुळे अगत्याचे आहे.

अणुभट्टीभोवतीच्या काँक्रीटच्या भिंतीतून किती न्यूट्रॉन बाहेर निसटतील, हा प्रश्न घ्यावा. प्रत्येक न्यूट्रॉन कोठे आदळेल, शोषला जाईल की वळेल, हे समीकरण मांडून सांगता येत नाही. म्हणून संगणकाकडून लक्षावधी काल्पनिक न्यूट्रॉन सोडले जातात आणि प्रत्येक वळणावर जणू फासा टाकून निर्णय घेतला जातो. यास मॉण्टे कार्लो पद्धत म्हणतात. परंतु संगणकाजवळ खरा फासा नसतो. एखाद्या आरंभीच्या संख्येवर, म्हणजे ‘बीजा’वर, ठरावीक गणिती क्रिया करून तो फाशासारख्या भासणाऱ्या संख्या निर्माण करतो. बीज तेच ठेवले की संख्यांची तीच माळ पुन्हा मिळते. संशोधकाच्या दृष्टीने हा गुणच होय, कारण दुसऱ्या दिवशी तेच गणित जसेच्या तसे पडताळून पाहता येते.

गुप्ततेच्या कामात मात्र हाच गुण घातक ठरतो. बँकेचा व्यवहार किंवा महानगरपालिकेचा करभरणा ज्या गुप्त किल्लीने सुरक्षित ठेवला जातो, ती किल्लीही अशाच संख्यांतून घडते. बीज ओळखता आले, की किल्ली हाती आलीच. डेबियन या संगणक-प्रणालीत २००६ मध्ये झालेल्या एका लहानशा दुरुस्तीमुळे बीजात मिसळावयाची अनिश्चितता जवळजवळ सर्वच वगळली गेली. एका प्रकारच्या व एका लांबीच्या किल्ल्या त्यामुळे अवघ्या ३२ हजारांच्या आसपास उरल्या. त्या सर्व पडताळून पाहणे साध्या संगणकासही अवघड नव्हते. प्रणाली विनातक्रार चालू होती, किल्ल्या दिसावयास निर्दोष होत्या. दोष उघडकीस आला तो मे २००८ मध्ये! फाशाचे बीज कोठून येते, हा प्रश्न ज्याने प्रयोगशाळेतील गणितात एकदा तरी विचारला आहे, त्यास अशा दोषाचे मर्म चटकन उमगते.

दुसरी शिदोरी म्हणजे क्षुल्लक फरकाकडे दुर्लक्ष न करण्याची सवय. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत खगोलशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टोल यांना १९८६ मध्ये संगणक-वापराच्या हिशेबात अवघ्या पाऊण डॉलरची तफावत आढळली. तिचा माग काढीत ते पश्चिम जर्मनीतील घुसखोरापर्यंत पोहोचले. लंबकाच्या प्रयोगात वेळेतील सूक्ष्म फरक नोंदवावयास शिकविणारा शिक्षक हीच सवय लावीत असतो.

ठाणे जिल्ह्यास या विषयाचे महत्त्व १२ ऑक्टोबर २०२० रोजी जाणवले. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे व नवी मुंबईचा वीजपुरवठा खंडित झाला आणि लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. कळवा आणि पडघा यांच्या दरम्यानच्या उच्चदाब वाहिन्या या घटनेच्या केंद्रस्थानी होत्या. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या सायबर विभागाच्या अहवालात विद्युत यंत्रणेच्या संगणकांत घातक आज्ञावली शिरल्याचा संशय व्यक्त झाला. तर मानवी चुकीमुळे हे घडले, सायबर हल्ल्यामुळे नव्हे, असे केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी सांगितले. संगणकात घातक आज्ञावली सापडणे आणि तिच्यामुळे वीज जाणे ही दोन वेगळी विधाने आहेत, व प्रत्येकास स्वतंत्र पुरावा लागतो. एक वाहिनी बंद पडली की तिचा भार दुसरीवर कसा लोटला जातो, हे जाणणारा आणि आज्ञावलीही वाचू शकणारा मनुष्य अशा वेळी हवा असतो. अशी माणसे थोडी आहेत.

१९८३ मध्ये स्थापन झालेल्या कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने नव्या शतकाच्या आरंभीच आपला कारभार संगणकावर आणण्यास प्रारंभ केला आणि तो नमुना राज्यातील इतर नगरपालिकांपुढे ठेवला गेला. आता ग्रामपंचायतीचे दाखलेही संगणकातून निघतात. तेव्हा स्टोल यांच्या कामी आलेली वस्तू, म्हणजे कोणी, केव्हा, कोठून प्रवेश केला याची नोंद, प्रत्येक कार्यालयात असावयास हवी. केंद्राच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार अशा नोंदी १८० दिवस जपून ठेवणे आणि सायबर घटना निदर्शनास येताच सहा तासांच्या आत कळविणे शासकीय संस्थांनाही बंधनकारक आहे. नोंद ठेवणारे यंत्र सहसा आपोआप चालते. ती नोंद वाचणारा मात्र नेमावा लागतो.